पायाळू बाळ आणि सगुणा सुईण

देवखडी गावात भानुगिरी महाराज एका उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी म्हणून आले, ते गावानं त्यांना पुढे जाऊच दिलं नाही. गावाबाहेर चिंचेखाली त्यांचा मठ होता. मठ कसला, चार कुडाच्या भिंती आणि एक धुनी! पण तिथं घटकाभर बसलं की माणूस हलका होऊन घरी जायचा.

त्या गावची भिवरा सुईण दिवाळीच्या सुमारास वारली. निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं. तिची सून सगुणा बारा वर्षं सासूमागून हिंडली, पण पाणी तापवायचं, दिवा धरायचा, नाळेला बांधायचा दोरा पुढे करायचा, एवढंच तिचं काम. सासू गेल्यावर दोन घरची बोलावणी आली, तर ही बाई आजाराचं सोंग करून पांघरुणात शिरली. हसू नका हं. दोन जिवांचा प्रश्न असतो, कोणाचंही काळीज लटपटेल.

देशमुखांच्या ताराक्का चारचौघींत म्हणाल्याच, "भिवरा होती ती सुईण. ही नुसती चुलीपुढची." त्यांची लेक कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी त्यांनी कसब्याची नावाजलेली सुईण ठरवून ठेवली.

एका सकाळी सगुणा सासूचं बाळंतपणाच्या सामानाचं गाठोडं घेऊन मठात आली. "महाराज, हे इथंच ठेवून घ्या. माझ्यानं होणार नाही."

महाराज म्हणाले, "ठेव की. पण बाई, या मठात कोण बाळंत होणार?"

सगुणा रडवेली झाली. "सासूबाईंच्या हाताला गुण होता. मी बारा वर्षं नुसतं पाणी तापवलं."

"आणि पाणी तापवताना काय डोळे मिटून बसायचीस?"

तेवढ्यात देशमुखांचा गडी दारात येऊन उभा राहिला. कुसुमला पहाटेपासून कळा येत होत्या. कसब्याच्या सुइणीला आणणाऱ्या गाडीचा कणा ओढ्यात मोडला होता, ती दिवस कलल्याशिवाय पोचत नव्हती. ताराक्कांनी महाराजांचा अंगारा मागितला होता.

महाराजांनी चिमूटभर अंगारा दिला आणि म्हणाले, "हा नेतोस तशी हिलाही घेऊन जा." सगुणेचे पाय जागचे हलेनात. महाराजांनी गाठोडं उचलून तिच्या हातात ठेवलं. "भीती वाटते ना? वाटू दे. तिला बरोबर घेऊनच जा."

दारात ताराक्का म्हणाल्या, "मी अंगारा मागवला होता, पाणी तापवणारी नव्हे." पण आतून कुसुमची किंकाळी आली आणि त्या मुकाट्यानं बाजूला झाल्या. आई समोर असली की लेक धीर सोडते, म्हणून आईनं आत थांबायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. सगुणा एकटीच आत गेली.

पाहते तो बाळ पायाळू! आधी पाऊलच दिसत होतं. असं बाळंतपण सगुणेनं तीनदा पाहिलं होतं, दिवा धरून. प्रत्येक वेळी सासू हात आवरून बसायची आणि पुटपुटायची, "ओढायचं नाही. त्याचं त्याला येऊ द्यायचं." सगुणाही तशीच बसली. बाळ खांद्यापर्यंत आलं. आता डोकं सोडवायला दोन्ही हात हवेत, आणि नेमकं तेव्हाच कुसुमनं तिचं मनगट धरलं. नखं रुतली. पकड सुटेना.

"महाराज, माझे हात तेवढे मोकळे करा!" सगुणा कळवळून म्हणाली.

मनगटावरची पकड सुटली. कुसुमच्या मुठी मात्र तशाच आवळलेल्या, जणू दुसरंच कोणाचं मनगट घट्ट धरलंय. सगुणेनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं तेलाचे हात बाळाखाली घातले, मान सांभाळली आणि हलकेच डोकं सोडवलं. बाळ रडेना. तिनं पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग जो टाहो फुटला, तो बाहेर ताराक्कांनी ऐकला आणि त्या उंबऱ्यावरच बसल्या. नातू सुखरूप होता, लेकही सुखरूप होती.

संध्याकाळी महाराज स्वतः देशमुखांच्या अंगणात आले. त्यांच्या मनगटाला हळद लावलेली, तिच्याखाली नखांचे चार ताजे ओरखडे. बरोबरची मठातली माणसं सांगू लागली, महाराज सकाळपासून आमच्यासमोरच बसले होते, बोलता बोलता अचानक थांबले आणि मनगटातून रक्त आलं. वेळ विचारली, तर बाळ जन्मण्याच्या अगदी आधीची!

ताराक्कांना हुंदका आवरेना. त्या पाया पडायला वाकल्या. महाराज मागे सरले.

"माझ्या नको, अक्का. मी नुसती नखं सोसली. बाळ सोडवलं ते या बाईनं, तिच्या स्वतःच्या हातांनी."

दारात सगुणा उभी होती. ताराक्का वळल्या, तिच्यापुढे गुडघे टेकले आणि तिच्या पावलांवर डोकं ठेवलं. "चुकले गं बाई," त्या म्हणाल्या, "धाकट्या लेकीला श्रावणात दिवस भरतात. येशील ना?"

सगुणेनं त्यांना दोन्ही हातांनी उठवलं आणि म्हणाली, "येईन."