अर्ध्या वाटेत थांबलेल्या पेशी

ऐनाच्या जंगलाकाठी एक गाव होते. तिथले लोक कोशाचे किडे पाळत आणि त्यांच्या रेशमावर वर्षभर जगत. पानांच्या द्रोणात किड्यांची अंडी ठेवून ते द्रोण ऐनाच्या फांद्यांना बांधत. त्या दिवसापासून रेशीम हाती येईपर्यंत घरात मासे शिजवायचे नाहीत, असा नेम होता.

त्या गावचा मुखरू शिकून राजाच्या पदरी अभ्यासक झाला होता. अंड्याचे कवच अलगद सोलायचे आणि भिंगातून आत बघायचे, हे त्याचे काम. इवल्या पेशी अंड्याच्या मध्यातून निघून कडेला येत, एका बाजूला दाटी करत, तिथे बारीक पन्हळ पडे आणि किड्याचे अंग घडू लागे. हे पाहताना मुखरू जेवण विसरे.

एका वर्षी राजाचे कोठार सांभाळणाऱ्या कोठावळ्याने गावोगाव वाटायच्या अंड्यांच्या टोपल्या दुपारभर उन्हात राहू दिल्या. वाटपाआधी मुखरूने प्रत्येक टोपलीतली वीस अंडी तपासली. जत्रेला निघालेली माणसे रस्त्यातच बसून राहावीत, तशा पेशी अर्ध्या वाटेत थांबल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही तिथेच.

"मेलीत ही," तो म्हणाला. "नवी मागवा. अजून आठवडा हातात आहे."

"आणि राजाला काय सांगू, मी झोपलो होतो?" कोठावळा हसला. "पंडित, अंड्याच्या आत बघतंय कोण?"

"मी बघतो."

"एकटेच ना? आणि भिंग राजाचं आहे. उद्या दुसऱ्याच्या डोळ्याला लागेल."

मुखरूने भिंगाकडे पाहिले. मग लिहून दिले, 'पेशी हलत आहेत. अंडी उत्तम.'

गावात द्रोण बांधले गेले. आठव्या दिवशी अळ्या निघायच्या, त्या निघाल्या नाहीत. पंधराव्या दिवशी लोकांनी द्रोण सोडले. मुखरूची बहीण सायत्रा मात्र झाडाखाली बसून पाखरे हाकलत राहिली. "माझ्या भावानं आत पाहिलंय," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ऐनाची पाने जून झाली. नवी अंडी बांधायचे दिवस निघून गेले.

मुखरू गावी आला तेव्हा सायत्रा खंगली होती. तिने एक द्रोण त्याच्यापुढे धरला.

"दादा, लोक हसतात रे मला. तूच सांग, आत हलतंय ना अजून?"

भिंग मुखरूच्या झोळीत होते. त्याने ते काढले नाही.

"बरं, आधी जेवून घे," ती म्हणाली. "मासे नाहीत हं. आपले द्रोण बांधलेले आहेत ना."

तात्पर्य: जे आपल्या एकट्यालाच दिसते, ते लपवण्याचा हक्क आपल्याला नसतो. इतरांजवळ पडताळून पाहायला भिंग नसते, आपल्यावरचा विश्वास तेवढा असतो.