लाटण्याची नाडी

“नाडी धावते म्हणजे? किती धावते?” रंभाबाई वैद्यांनी विचारलं.

“सुसाट, बाई. एकशे चाळीसच्या वर,” निळकंठ म्हणाला. “यांना आजच्या आज शहरात हलवायला हवं. काळीज ठिकाणावर नाही यांचं.”

‘यांचं’ म्हणजे समोर पाटावर बसलेल्या भिवा गुरवाचं. बिचारा आला होता दुखरा गुडघा घेऊन. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

“बाई, मी जातो की काय हो?”

बाईंनी त्याच्या मनगटावर तीन बोटं अलगद टेकवली, डोळे मिटले... मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलंही.

“ऐंशी. तीही यानं तुला घाबरवलं म्हणून. कुठं जात नाहीस तू. ओसरीवर बस, गुडघ्याला तेल देते.”

भिवा बाहेर गेला. निळकंठची कानशिलं तापली. आयुर्वेद कॉलेजात पहिला आलेला गडी, वर बाईंच्या हाताखाली चार वर्षं काढलेली. त्याच्या बोटांना कुणी खोटं पाडायचं म्हणजे काय!

“माझी बोटं चुकत नाहीत, बाई.”

“या आठवड्यातला हा तिसरा. सोमवारी ती कासारीण, काल पोस्टातले काका. सगळ्या गावाची काळजं एकदमच पळत सुटली का रे?”



आता खरं सांगायचं तर काळीज निळकंठचंही पळत होतं. श्रावणापासून. बसल्या जागी, ना काही निमित्त ना काही, छातीत धडधड सुरू व्हायची. दहा-पंधरा मिनिटं थैमान घालायची आणि आली तशी एकदम थांबायची. या घटकेलाही चालूच होती. पण बोलायची सोय होती का? दसऱ्याला बाई त्याला आपल्या गादीवर बसवणार होत्या. ज्याचं स्वतःचंच काळीज थाऱ्यावर नाही, त्या वैद्यापुढे हात कोण करील? म्हणून पठ्ठ्यानं सगळं गिळलं. आपलं दुखणं छातीत, त्याचा बोटांशी काय संबंध, अशी स्वतःची समजूतही घातली.

बाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात लाटणं घेऊन आल्या.

निळकंठला वाटलं, आता बसतंय पाठीत!

बाईंनी लाटणं पाटावर आडवं ठेवलं.

“याची नाडी बघ.”

“चेष्टा करताय का, बाई?”

“बघ म्हटलं ना. भिवाची बघितलीस तशीच. तेवढीच दाबून.”

त्यानं हसत हसत तीन बोटं ठेवली. दाबली.

...

हसू मावळलं. बोटांखाली लाटणं उडत होतं. सुसाट. एकशे चाळीसच्या वर.

त्यानं बोटं उचलली. परत टेकवली. परत तेच.

“काय म्हणतंय?” बाईंनी विचारलं. “शहरात हलवायचं का याला?”

निळकंठला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले.

“श्रावणापासून होतंय, बाई.”

“कशानं?”

“वाटलं चहानं. चहा सोडला.”

“थांबलं?”

“नाही. मग म्हटलं जागरणानं. लवकर निजायला लागलो.”

“थांबलं?”

“नाही... मग वाटलं, दसऱ्याचं दडपण.”

“असेलही. रक्त कमी असलं तरी होतं. थायरॉइडनं होतं. काळजातच काही बिघाड असला तरी होतं. यातलं नेमकं कुठलं, ते तुझ्या बोटांना कळायचं नाही. माझ्याही नाही. चक्कर येते?”

“परवा आली होती.”

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

“आणि हे आज सांगतोयस? ऊठ. आधी भिवाची माफी माग. कासारणीला आणि काकांना मी निरोप धाडते. मग आत्ताच्या आत्ता रिक्षानं तालुक्याच्या दवाखान्यात जा. ईसीजी काढ, रक्त तपासून घे, तिथले डॉक्टर म्हणतील ते सगळं कर. एकटा जायचं नाही. भिवाला बरोबर ने.”

“भिवाला? मला सांभाळायला?”

“गुडघा दुखतोय त्याचा. खांदा शाबूत आहे.”

निळकंठ उठला. दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला.

“बाई... खरंच काही निघालं तर?”

बाई भिवाच्या गुडघ्यासाठी तेलाची बाटली शोधत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“तर भिवाचं भय कळलेला वैद्य होशील, गाढवा.”