खीळ आणि पितळी सुंबा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्या राज्याच्या टोकाला एक डोंगर होता, डोंगरात एक अरुंद खिंड होती, आणि खिंडीच्या तोंडाशी एक लहानसं गाव होतं. गावाला बाजार नव्हता. बाजार खिंडीच्या पलीकडे. बाजाराच्या दिवशी माणसं सकाळी पलीकडे जायची, आणि ऊन डोंगरमाथ्यावर टेकलं की परतीसाठी खिंडीत शिरायची.

त्या खिंडीत वाघ होता. दिवसा तो वर कपारीत पडून राही, दिवस कलला की ओढ्यावर उतरे. गावकऱ्यांनी ढोल वाजवून पाहिले, ताशे बडवून पाहिले. पण वाघ त्या आवाजाला सरावला. भिई तो एकाच गोष्टीला, बंदुकीच्या बाराला. म्हणून राजानं खिंडीच्या तोंडाशी चौकी बसवली, चौकीवर एक पहारेकरी नेमला आणि त्याच्या हाती एक बंदूक दिली. सबंध गावात ती एवढी एकच. ऊन माथ्यावर टेकलं, की पहारेकरी आभाळात बार काढी. वाघ वरच्या रानात पळे आणि माणसं सुखरूप घरी येत. बार होणारच, असं धरून सगळे चालत. आजवर तो कधी चुकला नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी, जेवणं उरकून गाव जरा कलंडलं होतं, तेव्हा पहारेकरी येसबा बंदूक घेऊन लोहाराच्या भट्टीवर धावत आला. लोहाराचं नाव धाकोजी. हात चलाख, स्वभाव उतावळा. लोक नाल मारायला बैल आणत आणि धाकोजी त्यांना बसायला गोणपाट टाकायच्या आत काम संपवी. त्याचा त्याला अभिमानही होता.

येसबानं अडचण सांगितली. बंदुकीचा घोडा ज्या खिळीवर फिरतो ती खीळ झिजून तिरकी झाली होती, आणि घोडा कानावर येऊन गच्च अडकला होता. कान म्हणजे दारूला आग पोचवायचं बारीक भोक. तेच झाकलं गेल्यामुळे नुसता विस्तव लावून बार काढावा म्हटलं, तर तेही जमत नव्हतं. जुनी खीळ काढायची, नवी बसवायची, एवढंच काम होतं.

धाकोजीनं बंदूक हातात घेतली, एकदा वरखाली केली आणि हसला. म्हणाला, "येसबा, तू पान लाव. तुझं पान रंगायच्या आत बंदूक तुझ्या खांद्यावर."

त्याला हसू यायला आणखी एक कारण होतं. त्याची बायको सगुणा, पोराला पाठीशी बांधून, त्याच बाजाराला गेली होती. नवऱ्यानं दुरुस्त केलेल्या बंदुकीचा बार ती खिंडीत ऐकणार होती. घरी आल्यावर तिला हे सांगताना कसं वाटेल, याचा विचार करतच त्यानं बंदूक ऐरणीवर आडवी टाकली.

भट्टीच्या पलीकडच्या अंगाला त्याची थोरली बहीण बसली होती. सगळं गाव तिला अक्का म्हणे. लहानपणापासून तिनं बापाचा भाता ओढला होता, आता भावाचा ओढत होती. तिनं हळूच विचारलं, की कुठला सुंबा घेतोस.

सुंबा म्हणजे लोखंडात भोक पाडायचं किंवा भोकातली खीळ बाहेर ढकलायचं हत्यार. धाकोजीच्या भिंतीला असे कितीतरी सुंबे टांगलेले होते, लांब, आखूड, जाड, बारीक. त्यानं हाताशी जो होता तो उचलला. नालेला भोकं पाडायचा, जाड, टणक, टोकदार. अक्का म्हणाली, की तो खिळीपेक्षा जाड आहे. धाकोजी म्हणाला, की जाड आहे म्हणूनच जोर लागेल. आणि त्यानं हातोडी हाणली.

पहिल्याच ठोक्याला सुंब्याचं टोक निसटलं आणि बंदुकीच्या लोखंडी पट्टीवर लखकन ओरखडा उमटला. दुसऱ्या ठोक्याला टोक खिळीच्या डोक्यात रुतलं. तिसऱ्याला खिळीचं डोकं फुलून पसरलं. खीळ मात्र जागची हलली नाही.

धाकोजीनं मोठी हातोडी घेतली. येसबाच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. तो दारात उभा राहून एकदा डोंगराकडे बघे, एकदा ऐरणीकडे. ऊन भिंतीवरून उतरून उंबऱ्यापाशी आलं होतं.

ठोका बसे आणि खीळ जणू आणखी आत जाऊन बसे. धाकोजीच्या कपाळावरून घाम गळू लागला. आता त्याला सगुणा दिसत होती, पण हसणारी नव्हे. पाठीवरचं पोर सावरत, सगळ्यांबरोबर खिंडीच्या त्या तोंडाशी येत असलेली. कुणाला पलीकडे निरोप द्यायला पाठवावं, तर वाट त्याच खिंडीतून. त्यानं घणाकडे हात नेला.

तेव्हा अक्कानं भाता सोडला आणि येसबाला विचारलं, "ही रिकामी आहे ना?"

येसबा म्हणाला, की रिकामीच आहे, त्यानं सकाळीच पाहिलं होतं. पण बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. अक्कानं बंदुकीचा दारू ठासायचा गज मागितला आणि तो नळीत सोडला. गज तळापर्यंत गेला असता तर तोंडाशी लपला असता. तो लपला नाही. चांगला वीतभर बाहेर उभा राहिला.

म्हणजे नळी भरलेली होती. येसबानं सकाळी दारू भरली होती, गोळी ठासली होती, मग घोडा अडकला आणि त्या धांदलीत तो भरलेलं विसरून गेला होता. धाकोजीनं नळीच्या तोंडावरून नजर सरळ पुढे नेली. नजर भात्यापाशी जाऊन थांबली. इतका वेळ तो जिच्यावर नळी रोखून ठोके घालत होता, ती जागा अक्काच्या छातीची होती. एका ठोक्यानं घोडा थोडासा जरी उडाला असता, घोड्यातल्या गारगोटीची एक ठिणगी जरी पडली असती, तर अक्का जागच्या जागी गेली असती.

धाकोजीनं हातोडी खाली ठेवली. तो ऐरणीशेजारी बसला.

अक्का रागावली नाही. तिनं नळीचं तोंड उघड्या माळाकडे केलं, मळसूत्री टोकाचा गज येसबाच्या हातात दिला आणि गोळी, दारू सगळं बाहेर काढायला लावलं. मग बंदूक भावाच्या मांडीवर ठेवली.

"धाकू," ती म्हणाली, "आता हातोडीला हात लावू नकोस. आधी नुसतं बघ."

"अक्का, बघायला वेळ कुठंय? सगुणा खिंडीत शिरेल आता."

"म्हणूनच बघ म्हणते. ही खीळ आत गेली ती कुठून?"

धाकोजीनं बंदूक उजेडाकडे धरली. या बाजूनं बघितली, उलटी केली, त्या बाजूनं बघितली. खीळ दोन्ही टोकांना सारखी नव्हती. एक टोक जाड, दुसरं बारीक. ती जाड बाजूकडून आत ठोकून बसवलेली होती, पाचरीसारखी. आणि इतका वेळ तो तिच्या जाड टोकावरच ठोकत होता. त्याचा प्रत्येक ठोका तिला सोडवत नव्हता, आणखी घट्ट करत होता. जितकी ताकद त्यानं लावली, तितका तो सगुणेच्या वाटेत दगड रचत गेला होता.

खिंडीकडून वानरांचा खेकसल्यासारखा आवाज आला. वाघ हलला की वानरं अशी ओरडतात, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. येसबा दारातून आत आला आणि परत दारात गेला.

धाकोजी उठला. या वेळी त्यानं भिंतीकडे नीट पाहिलं. टणक सुंबे त्यानं सोडून दिले. कोपऱ्यात धूळ खात एक पितळी सुंबा पडला होता, वडिलांच्या हातचा. लोण्यासारखा मऊ म्हणून तो त्याची थट्टा करायचा. त्याचं टोक त्यानं खिळीच्या बारीक टोकाशी लावून पाहिलं. जरासं जाड होतं. कानशीनं घासून ते खिळीपेक्षा किंचित बारीक केलं, म्हणजे ते खिळीमागोमाग भोकात शिरेल, कडेला लागणार नाही. ऐरण सोडून दिली. बाभळीचा ठोकळा घेतला, त्याला भोक होतं. बंदूक उलटी करून त्या भोकावर खीळ आणली, कारण सुटून जायला तिला जागा हवी.

मग सगळ्यांत लहान हातोडी घेतली आणि सरळ, हलका ठोका मारला. टक.

काही हललं नाही. मनात आलं, एकच जोराचा हाणावा. पण पितळ वाकलं असतं. पुन्हा टक. पुन्हा टक. पितळाचं टोक दबून पसरू लागलं. धाकोजीला ते दिसत होतं, आणि वानरांचं ओरडणंही ऐकू येत होतं. थांबणं म्हणजे सगुणेला पाठमोरं होण्यासारखं वाटत होतं. तरी तो थांबला. कानस घेतली, टोक पुन्हा बारीक केलं. अक्कानं बंदूक दोन्ही हातांनी दाबून धरली.

"पितळ स्वतः दबतं," ती पुटपुटली, "पण ज्याला लावलं त्याला फोडत नाही. मार."

टक. टक. आणि मग आवाज बदलला. आधी दगडावर बसल्यासारखा येत होता, आता पोकळ आला. खीळ केसभर सरकली होती. आणखी दोन हलके ठोके, आणि ती ठोकळ्याच्या भोकात टपकन पडली. घोडा मोकळा झाला.

नवी खीळ घासून, जाड टोक कुठल्या बाजूला हे पुन्हा पुन्हा पाहून, त्यानं ती बसवली. येसबानं बंदूक जवळजवळ हिसकावून घेतली आणि चौकीकडे पळत सुटला. धाकोजी त्याच्यामागे. ऊन माथ्यावरून केव्हाच गेलं होतं. आभाळ तेवढं तांबडं होतं. येसबानं पुन्हा दारू भरली आणि घोडा ओढला.

बार झाला. डोंगरानं तो परत परत ऐकवला. मग सगळं गप्प झालं. वानरंसुद्धा.

बराच वेळ खिंडीच्या तोंडातून कुणी आलं नाही. धाकोजी चौकीच्या दगडाला धरून उभा होता. शेवटी माणसं दिसली, एकमेकांना चिकटून चालणारी. त्यांत सगुणा होती. पोर तिच्या पाठीवर जागं होतं. ती जवळ आली तेव्हा धाकोजीनं पाहिलं, की तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलंय आणि तिचे ओठ पांढरे पडलेत.

तिनं सांगितलं ते असं. बार झाला नाही, तरी होईलच, म्हणून सगळे खिंडीत शिरले. पुढे गोंदा कुंभाराचं गाढव, नेहमीसारखं. त्याच्या मागे ती. ओढ्यापाशी वाघानं उडी घातली ती गाढवावर. तो ते फरफटत झाडीत नेत होता आणि सगळे जागच्या जागी थिजले होते, तेव्हा बार झाला. वाघ पळाला. गाढव उठलं नाही.

"मी त्याच्या शेपटीला हात लावून चालत होते," सगुणा म्हणाली. "अंधारून आलं होतं ना, म्हणून."

जाड सुंब्यानं उलट्या बाजूनं ठोकण्यात जेवढा वेळ गेला, तेवढाच वेळ बार उशिरा झाला होता. हे धाकोजीला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कावड घेऊन गोंदा कुंभाराच्या दारात उभा राहिला. त्यानं घडलेलं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि म्हणाला, की दुसरं जनावर मिळेपर्यंत तळ्यावरची माती मी वाहीन. गोंदानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "वाहा. पण सांगून ठेवतो, माझं गाढव तुझ्यापेक्षा शहाणं होतं. वाट बघून पाय टाकायचं."

धाकोजीनं ते ऐकून घेतलं. सुगी येईपर्यंत तो रोज सकाळी माती वाहत राहिला आणि मगच भट्टी पेटवत राहिला. लोक हसत, पोरं मागून हाका मारत. तो रागावला नाही. आणि भट्टीवर कुणी अडकलेली वस्तू आणली, की तो आधी हात मांडीवर ठेवून बसे, ती उजेडात फिरवून बघे, आणि मगच भिंतीकडे वळे. लोकांना आता भट्टीवर गोणपाट टाकून बसावं लागे. पण त्याच्या हातून पुन्हा कुठलीही खीळ उलट्या बाजूनं ठोकली गेली नाही.

लहानांनो, आणि मोठ्यांनोही, यातून घ्यायचं ते एवढंच: अडलेल्या कामावर जोर लावण्याआधी ते कुठल्या बाजूनं अडलंय ते पाहावं, आणि त्याला सोसेल तेवढंच हत्यार हातात घ्यावं.