होडीला रंग लागला

बंदरात गलबतं येणं थांबलं, त्याला काही वर्षं झाली होती. एक दिवस धक्क्यावर उपड्या पडलेल्या म्हाताऱ्या होडीला अचानक रंग लागला.

"नारळी पौर्णिमा आली! मला पुन्हा समुद्रात नेणार," ती शेजारच्या दगडी खुंटाला म्हणाली. त्याला आता दोरखंडाऐवजी हॉटेलच्या दिव्यांची माळ बांधलेली होती.

पौर्णिमेला धर्मा सुतार आला. त्याच्या हातात नारळ नव्हता, गिरमिट होतं. त्याने थेट होडीच्या तळाला भोक पाडायला घेतलं.

"अरे धर्मा, वेड लागलं का? तुझ्याच बापाने बांधलंय मला! बुडेन ना मी!"

धर्माने मान वर केली नाही.

"बुडत नाहीस, आये. हॉटेलवाले तुझ्यात माती भरून गुलाब लावणार आहेत. पाणी साचलं तर मुळं कुजतात."