आपला फोन जुना आहे

“...पण यंत्रच नाही म्हणत असेल, तर माणसानं करायचं तरी काय, भंते?”

अकोले गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसा बुद्धविहार आहे. तिथले भंते सुमेध भिक्षूचं चीवर घेण्याआधी कॉलेजात गणित शिकवायचे. प्रश्न विचारणारी आम्रपाली रणपिसे त्यांच्याकडेच गणित शिकून इंजिनियर झालेली. कायम पहिली यायची, आणि हे ती विसरलेली नव्हती.

तिची मावशी साप चावून गेली होती. जवळच्या दवाखान्यात नेलं, तर तिथलं इंजेक्शन संपलेलं. दुसरीकडे पोचेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून आम्रपालीला एकच ध्यास होता. विषावरचं इंजेक्शन आज कुठल्या दवाखान्यात आहे, हे फोनवर दाखवणारं ॲप बनवायचं.

“काय म्हणतं यंत्र?” भंतेंनी विचारलं.

“म्हणतं, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. ॲप बनवायचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चढतच नाही. जुनं चढतं, पण त्यात माझं अर्धं काम मावत नाही. कॉलेजच्या नव्या मशीनवर सगळं उभं केलं होतं. कॉलेज सुटलं, मशीन सुटलं. आता एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी...”

“तरी?”

“पंखा घरघरतो आणि पडदा गोठतो. परवा मी रडले, भंते. मी! ज्यांना मी शिकवायचे, ती मुलं पुढे गेली. का, तर त्यांच्या मांडीवर नवं यंत्र आहे.”

भंतेंनी तिच्यापुढच्या उघड्या लॅपटॉपकडे पाहिलं.

“माझ्यात काही कमी नाही. कमी आहे ती या डब्यात.”

“असेल...”

पायरीवर आशा आरोग्यसेविका हिराबाई भांगरे बसल्या होत्या. डोंगरावरच्या त्यांच्या वाडीतली वीज गेली होती, म्हणून त्या विहारात फोन चार्ज करायला आल्या होत्या.

“ताई, फोन देता जरा?”

काच तडकलेली. मागचं झाकण निघू नये म्हणून रबर बँड लावलेला. भंतेंनी तो फोन आम्रपालीच्या उघड्या लॅपटॉपवर ठेवला.

“तुझं ॲप यात घाल.”

तिनं कॉलेजात बनवलेलं ॲप आपल्या फोनवरून त्यात पाठवलं. हिराबाईंनी मोठ्या उत्साहानं बोट टेकवलं. पडद्यावर सुबक अक्षरं उमटली.

“काय आलंय गं? चष्मा घरीच राह्यला माझा.”

आम्रपालीनं फोन आपल्याकडे वळवला.

“वाच ना,” भंते म्हणाले.

“आपला फोन जुना आहे...” तिचा आवाज खाली गेला. “हे ॲप त्यावर चालणार नाही.”

“कुणी लिहिलं हे?”

“...मी.”

“असू दे गं बाई,” हिराबाई म्हणाल्या. “आमच्या वाडीत समद्यांचे असलेच.” त्यांनी फोन उचलला आणि पदरानं पुसला.

आम्रपालीनं लॅपटॉप मिटला. भंतेंना वंदन केलं आणि काही न विचारता निघाली.

घरी जाऊन तिनं जुनंच सॉफ्टवेअर चढवलं. त्यात मावेना ते एकेक काढायला घेतलं. फिरता नकाशा काढला, सरकणारी चित्रं काढली. ज्याच्यासाठी कॉलेजात टाळ्या पडल्या होत्या, तो झळकत उघडणारा पहिला पडदा काढताना तिचा हात थबकला. मग तोही काढला. शेवटी उरलं दवाखान्याचं नाव, इंजेक्शन आहे की नाही, आणि तिथला फोन नंबर. इंटरनेटचीही गरज उरली नाही. सकाळी दवाखान्यातल्या नर्सनं साधा एसएमएस केला की सगळ्यांच्या फोनवरची माहिती बदलायची.

पंखा घरघरतच होता. पण यंत्र आता नाही म्हणत नव्हतं.

विहारात येणाऱ्याजाणाऱ्याचा फोन मागून ती ॲप तपासायची. एखाद्यावर अडलं की परत घरी. असं करता करता एकदा हिराबाईंच्या फोनवर ते उघडलं. जाड, ठळक अक्षरांत. हिराबाईंनी ते चष्म्याशिवाय वाचलं!

भातलावणी जोरात सुरू झाली. वाडीतल्या ठमाबाईला बांधावर घोणस चावली. माणसांनी तिला जीपमध्ये घातलं. जीप जवळच्या दवाखान्याकडे वळली, एवढ्यात सोबत बसलेल्या हिराबाई ओरडल्या.

“तिकडं नको! तिकडं इंजेक्शन संपलंय. घाट उतरा, खालच्या दवाखान्यात हाये!”

ड्रायव्हर घुटमळला. हिराबाईंनी तडकलेला पडदा त्याच्या तोंडापुढे धरला. जीप वळली.

ठमाबाई आपल्या पायांनी घरी आली. वाडीनं तिला हलगी वाजवत वेशीपासून आणलं. त्या गर्दीत आम्रपालीही नाचली. कुणाला तिचं नाव माहीत नव्हतं, आणि तिला सांगावंसंही वाटलं नाही.

तिथून ती थेट विहारात धावत आली. धाप लागलेली, पाय चिखलानं भरलेले.

“भंते, वाचली! बाई वाचली! त्या डब्यावर झालं हो सगळं!”

भंते मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

डोंगरावरून हलगी अजून ऐकू येत होती.

“भंते, शेजारच्या तालुक्यांनीही ॲप मागितलंय. एक संस्था मला नवा कोरा कॉम्प्युटर देते म्हणते.” ती अडखळली. “घेऊ?”

भंतेंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

“घे... आता तुला नवाही चालेल.”