पिंपातले तीन शिपाई

रत्नापूरच्या राजरस्त्यावर गाड्यांची इतकी दाटी झाली, की सकाळी निघालेली नवरी संध्याकाळी मांडवात पोचू लागली! राजा दुर्जयरावांनी उपाय काढला. रस्त्याची उजवी बाजू दोर बांधून वेगळी केली आणि दवंडी पिटवली, “हाकणारा सोडून ज्या गाडीत तीन माणसं, तीच इथून जाईल. बाकीच्यांनी डावीकडे खोळंबावं. सवलत कुणालाही नाही!”

त्याच आठवड्यात कोष्टी आळीत आग लागली. आगीवर पाणी घेऊन धावायचं काम केवडाचं. तिच्या बैलगाडीवर अवाढव्य पिंप आणि पुढे एकीपुरती फळी. ती मोकळ्या बाजूनं सुसाट निघाली, तोच नाक्यावर तिघा शिपायांनी बैल अडवले.

“माणसं किती?”

“मी एकटी. पण आग लागलीय!”

“आम्ही आग मोजत नाही, माणसं मोजतो. वळव गाडी!”

केवडा गवताच्या गाड्यांमागे अडकली. ती पोचली तेव्हा लोक बचावले होते, पण त्यांचे माग जळून गेले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक दरबारात गेली.

“महाराज, पाण्याच्या गाडीला तरी सोडा!”

“नियम म्हणजे नियम! तीन माणसं घे.”

“माणसं घ्यायची तर पिंप उतरवावं लागेल. मग तिघांनी आगीवर फुंकर मारायची?”

दरबारी खुसखुसले. महाराज लालबुंद झाले. “उद्या त्याच वाटेनं महालापाशी ये. पाण्याचं पिंप हवं, तीन माणसंही हवीत आणि फळीवर तुझ्याशिवाय कुणी नको! जमलं नाही, तर गाडी जप्त!”

रात्रभर केवडाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मात्र ती नाक्यावर आपणहून थांबली.

“माणसं किती?” शिपाई ओरडले.

“तीन कमी आहेत. चढा!”

“आम्ही?”

“महाराज वाट बघताहेत. उशीर का झाला, ते तुम्ही सांगणार का?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. “पण बसायचं कुठं?”

केवडानं पिंपाचं झाकण उचललं.

थोड्याच वेळात गाडी महालापाशी आली. पिंपातून तीन पागोटी वर डोकावत होती आणि पागोट्यांखालून शिंका येत होत्या!

“हे काय?” महाराज ओरडले.

“पाणी आहे, माणसं आहेत, फळीवर मी एकटी आहे. मोजून घ्या!”

महाराजांनी पायरीवरून पिंपावर वाकून खरंच मोजलं. मग भुवई उडवून विचारलं, “आणि हे तिघे इथं, तर नाक्यावर कोण आहे?”

“कुणीच नाही, महाराज. म्हणून तर इतक्या लवकर पोचले!”

महाराज असे हसले, की मुकुट घरंगळून थेट पिंपात पडला. तो शिपायांनी बुडी मारून काढला. महाराजांनी तो तसाच ओलागच्च डोक्यावर चढवला आणि पाण्याच्या गाडीला सगळ्या वाटा मोकळ्या केल्या. कोष्ट्यांना नवे माग मिळाले आणि केवडाला नव्या बैलांची जोडी!