सावळखिंडीचा मागत्याचा रविवार

सावळखिंडीत पाहुणा आला की त्याला आधी तो खळगा दिसतो. देवळाच्या उजव्या अंगाला, चिंचेच्या पलीकडे, जमीन एकदम आत बसलेली आहे. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, उन्हाळ्यात शेरडं उतरून सावलीला बसतात. तो बुजवायचं नाव मात्र कुणी काढत नाही. इथले ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात. त्या देवळात शिरावं तर आणखी एक नवल. तिथं व्यासपीठ नाही. पुढं नुसतं एक लाकडी मेज आहे आणि त्यावर कधी चाळण, कधी सायकलची साखळी, कधी मिठाची बरणी ठेवलेली असते. ज्याला बोलायचं तो मेजाशी उभा राहतो, त्या वस्तूला हात लावतो आणि मगच तोंड उघडतो.

असं का, म्हणून विचारलं की देवळाचे जुने पंच एलियाकाका पाहुण्यांना चिंचेखाली बसवतात आणि राहेलमावशीची हकीकत सांगतात. ही फार जुनी गोष्ट. काकांच्या आजोबांनाही ती कुणाकडून तरी ऐकूनच ठाऊक होती.

राहेलमावशी बायबलबाई होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मिशनच्या शाळेत ती मोठेपणी वाचायला शिकली आणि गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगू लागली. लोकांना अक्षर येत नव्हतं, वचनं पाठ होत नव्हती. म्हणून तिनं स्वतःची रीत काढली. खांद्याला पिशवी, पिशवीत घरातल्याच वस्तू. कुणाच्या चुलीपाशी बसायचं, आंबवलेल्या पिठाचा गोळा हातात घ्यायचा आणि देवाचं राज्य कसं आतून गुपचूप वाढतं ते सांगायचं. सुई दाखवायची आणि तिच्या नेढ्यातून एक वेळ उंट जाईल, पण श्रीमंताला देवाच्या राज्यात जाणं कठीण, ही गोष्ट सांगायची. पणती दाखवायची, ती टोपलीखाली झाकायची आणि विचारायची, "आता गं? कुणाला दिसतंय का?" बायका हसायच्या, आणि वचन मनात राहून जायचं.

सावळखिंडीत तेव्हा ख्रिस्ती घरांच्या दोन आळ्या होत्या. वरची आणि खालची. दोन्हीकडचे लोक पूर्वी दोन वेगळ्या जातींचे. बाप्तिस्मा दोघांनी एकाच ओढ्यात घेतला होता, पण पाणी वेगळं, पंगत वेगळी, आणि देवळात बसायची बाजूही वेगळी. खालच्या आळीत दोर वळायचं काम चाले. घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे चिवट धागा, काढावा, त्याचे दोर वळावेत, विकावेत. वरच्या आळीची गुरं त्यांच्याच दाव्यांना बांधलेली असायची.

वाद झाला तो प्रभुभोजनाच्या पेल्यावरून, कारण त्या विधीत सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षरस प्यायचा असतो. पुनरुत्थानाचा सण जवळ आला होता. पाळक, म्हणजे धर्मगुरू, दूरच्या गावाहून वर्षातून मोजक्या वेळा यायचे आणि या खेपेस त्यांनी आधीच निरोप धाडला होता: पेला एकच राहील. वरच्या आळीचा शिमोन साळवे म्हणाला, दोन पेले ठेवा, नाहीतर आम्ही येत नाही. शिमोन वाईट माणूस नव्हता. देवळाच्या भिंतीचे दगड त्यानं स्वतःच्या गाडीतून आणले होते. पण त्याचा शब्द वरच्या आळीत कुणी मोडत नसे आणि तो स्वतःही मोडत नसे.

राहेलमावशीला वाटलं, हे आपलंच काम. तिनं खालच्या आळीच्या नथनेल वैरागराकडून एक नवा दोर मागून आणला. रविवारी सगळे जमल्यावर तिनं दोराचं टोक उसवून तीन पेड वेगळे केले. एकेकटा पेड कसा कच्चा, तिन्ही मिळून कसे पक्के, आणि शास्त्र तेच कसं सांगतं, हे तिनं समजावलं. मग तिनं एक टोक नथनेलच्या हातात दिलं आणि दुसरं शिमोनपुढं धरलं.

"धरा, शिमोनराव. दोघं मिळून ओढा. तुटतो का बघू."

शिमोननं टोक धरलं. पलीकडं नथनेल उभा होता.  शिमोननं एकदा दोराकडं पाहिलं, एकदा नथनेलकडं.

"मावशी, तुझी गोष्ट कुठं चाललीय ते मला दिसतंय," तो म्हणाला. "दोर चालतो. पेला नाही चालायचा."

आणि त्यानं टोक सोडून दिलं.

नथनेलनं ते टोक आपल्याकडं ओढून घेतलं. मग त्यानं दोर शांतपणे गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि दाराशी जाऊन वळून म्हणाला, "पेला चालत नसंल तर दोरबी चालायचा न्हाई. आजपास्नं आमच्या आळीतला वाखाचा धागा वरच्या आळीत जायचा न्हाई."

त्या सणाला प्रभुभोजन झालंच नाही, असं सांगतात. पाळक आले आणि तसेच परत गेले. राहेलमावशीनं पिशवी खुंटीला अडकवली. जी जखम झाकलेली होती ती आपणच उघडी केली, असं तिच्या मनानं घेतलं. बायका चुलीपाशी बोलवायच्या, ती जायची, पण हातात काही घ्यायची नाही. नुसतं वाचून दाखवायची आणि उठायची.

उन्हाळा चढला. ओढ्यातल्या झऱ्यावर दोन्ही आळ्यांच्या घागरींची भांडणं होऊ लागली. तेव्हा शिमोननं ठरवलं, देवळाच्या बाजूला आपली स्वतःची विहीर पाडायची. वरच्या आळीचे गडी खणू लागले. माती वर ओढायला दोर हवा, तो त्यांनी स्वतःच वळला. अंबाडी नीट कुजवलेली नव्हती, पीळ कुठं घट्ट तर कुठं सैल. मातीच्या पाट्या निघत होत्या, म्हणून कुणी काळजी केली नाही.

विहीर चांगली खोल गेली होती. त्या दुपारी शिमोन एकटाच तळाशी होता. पहार मारता मारता खालून ओल लागली आणि तो ओरडला, "पाणी! पाणी लागलं रे!" वर आनंदाचा गलका झाला. पण पाण्याबरोबर बाजूचा मुरूम सुटला आणि एक अख्खी कड खाली आली.

राहेलमावशी देवळात झाडलोट करत होती. आवाज ऐकून ती धावली. विहिरीच्या तोंडाशी शिमोनची बायको मार्था हंबरडा फोडत होती. खाली शिमोन कमरेपर्यंत मुरुमात रुतला होता. एक हात चेंगरून लोंबत होता. दुसऱ्या हातानं त्यानं कसाबसा दोर काखेतून घेतला. वरच्यांनी ओढला. तो मांडीपर्यंत मोकळा झाला, हातभर वर आला, आणि सैल पिळापाशी दोर फाटत गेला. शिमोन पुन्हा खाली पडला. आता त्याच्याभोवती गढूळ पाणी चढू लागलं होतं. ज्या पाण्यासाठी विहीर पाडली तेच आता त्याला बुडवायला निघालं होतं.

कुणी शिडी म्हणालं. एवढी शिडी गावात नव्हती. कुणी म्हणालं, खालच्या आळीत दोर आहेत.  जायला कुणाचं पाऊल उचलेना.

राहेलमावशी उतारावरून पळत सुटली.

नथनेल आपल्या छपरात वाख पिळत बसला होता. दारात तिला धापा टाकताना पाहून तो म्हणाला, "गोष्ट सांगाया आलीस का, मावशी?"

"नाही. दोर मागायला आले."

"त्यांनी सोताचा वळलाय की."

"तुटला."

नथनेलचे हात थांबले. "खाली कोन हाय?"

राहेलमावशीच्या मनात आलं, नाव न सांगितलं तर? माणूस आहे, एवढंच म्हटलं तर? पण तिची जीभ खोटं बोलायला वळेना.

"शिमोन," ती म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. आयुष्यभर तिच्यापाशी प्रत्येक प्रसंगाला एक गोष्ट असायची. मेंढपाळाची होती, वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाचीही होती. त्या घडीला तिला एकही आठवेना. ती नुसती चौकटीला धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

नथनेल उठला. खुंटीवरचे तीन बारीक कासरे त्यानं ओढून काढले.

"जाड दोर सारं बाजारात गेलं," तो म्हणाला. "ह्यातला एकेक कासरा माणूस पेलायचा न्हाई. तिन्ही एकात वळावं लागतील. हात पायजेत. लई हात पायजेत."

खालच्या आळीतून माणसं निघाली. विहिरीशी आल्यावर नथनेलनं तिन्ही कासऱ्यांची टोकं वरच्या आळीच्या गड्यांपुढं धरली आणि म्हणाला, "ताणून धरा. सोडायचं न्हाई." त्यांनी धरली. दुसरी टोकं चिंचेपल्याड खालच्या आळीनं धरली. मधून नथनेल पीळ देत चालू लागला. घाई करावी तर पीळ बिघडे, सावकाश करावं तर खाली पाणी चढे. मार्था विहिरीत वाकून ओरडत होती, "छातीला लागलं! नथनेलदादा, छातीला लागलं!" तिनं त्याला दादा म्हटलेलं सावळखिंडीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

दोर झाला. पण खाली टाकून उपयोग नव्हता. शिमोनला आता गाठ मारता येणार नव्हती. कुणीतरी उतरायला हवं होतं. नथनेलनं कुणाकडं पाहिलं नाही. टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि वरच्या आळीच्या गड्यांना म्हणाला, "धरा मला."

त्यांनी त्याला खाली सोडलं. त्यानं हातांनी मुरूम उकरून शिमोनचे पाय मोकळे केले, स्वतःच्या कमरेचा दोर सोडला आणि शिमोनच्या छातीभोवती बांधला. दोर कुरकुरत वर आला. शिमोनला काठावर घेतलं, मार्थानं त्याला मिठी मारली, आणि त्याच वेळी राहेलमावशीच्या पायाखाली जमिनीला चीर गेली.

सगळे एकदम मागं सरले. दोराचं टोक मातीत पडून होतं, आणि खाली नथनेल पाण्यात दोराविना उभा होता. राहेलमावशीनं चहूकडं पाहिलं. खालच्या आळीची माणसं चिरेच्या दुसऱ्या अंगाला अडकलेली, वरच्या आळीचे गडी मागं मागं चाललेले. ती एकटीच पुढं झाली, काठाशी पालथी पडली आणि तिनं दोर खाली सोडला. तिच्या हातांत तेवढं बळ नव्हतं. ते तिलाही कळत होतं.

तेवढ्यात तिच्या मागं कुणीतरी सरपटत आलं. शिमोन होता. एक हात निकामी झालेला. त्यानं दोराचा वेढा स्वतःच्या अंगाभोवती घेतला आणि टाचा रोवल्या. "ओढा!" तो गड्यांवर ओरडला. "अरे, बघता काय! ओढा!" मार्थानं नवऱ्याला धरलं, गडी धावले, चीर ओलांडून खालच्या आळीचेही आले. नथनेलचं डोकं काठाशी दिसलं, हात दिसला, तो बाहेर आला. लोक जेमतेम बाजूला झाले तोच सगळी विहीर आत बसली.

पुढच्या रविवारी देऊळ भरलं. पण लोक बसले ते पूर्वीसारखेच, दोन बाजूंना. नथनेल आला नव्हता. दोरानं सोललेले हात घेऊन तो घरी पडला होता. राहेलमावशी पुढं उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, ती तो दोर दाखवणार. तिचे हात रिकामे होते.

"आज माझ्यापाशी वस्तू नाही," ती म्हणाली, "आणि गोष्टही नाही. ज्याच्यापाशी असेल त्यानं पुढं यावं."

लोक एकमेकांकडं बघू लागले. मग शिमोन उठला. हात गळ्यात बांधलेला. तो पुढं आला नाही, दाराकडं गेला आणि सरळ बाहेर पडला. मार्थानं मान खाली घातली. राहेलमावशीला वाटलं, संपलं. एवढं होऊनही संपलं. ती तिथंच मेजाला टेकून उभी राहिली. कुणी गीत सुरू केलं नाही, कुणी प्रार्थना केली नाही, कुणी उठूनही गेलं नाही.

बऱ्याच वेळानं दारात सावली पडली. शिमोन परत आला होता. त्याच्या धडक्या हातात पाण्यानं भरलेला एक तांब्या होता, पोचे आलेला, कळकट. खालच्या आळीतल्या बायकांनी तो लगेच ओळखला. तो नथनेलच्या घरातला पाणी प्यायचा तांब्या होता. मागून नथनेलही आला आणि दाराशीच थांबला.

शिमोननं तांब्या मेजावर ठेवला आणि तो लोकांकडं वळला.   मग त्यानं तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि प्यायला. मार्थापुढं धरला, तीही प्यायली. तिनं उठून मधली मोकळी जागा ओलांडली आणि तो पलीकडच्या बाईच्या हातात दिला. असा तो तांब्या सगळ्या देवळात फिरला. राहेलमावशीपाशी आला तेव्हा त्यात एक घोटच उरला होता, असं सांगतात. कुणी म्हणतं, शिमोननं आणला तेव्हा होता तेवढाच तो अजून भरलेला होता. 

राहेलमावशी त्यानंतर पुढं उभी राहिली नाही. मागच्या ओळीत बसायची आणि लोकांनी आणलेल्या वस्तूंवर प्रश्न विचारायची. व्यासपीठ बांधायचं कुणी सुचवलं की ती हसायची, आणि ते राहूनच गेलं.

आजही सणानंतर उन्हाळ्यात येणाऱ्या त्या रविवारी, ज्याला इथं मागत्याचा रविवार म्हणतात, सावळखिंडीत एक नियम पाळतात. बोलणाऱ्यानं स्वतःच्या घरची वस्तू आणायची नाही. आदल्या दिवशी दुसऱ्या आळीत जायचं, कुठल्याही दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "उद्या मला बोलायचंय, काहीतरी द्या." घरातलं माणूस काय हवंय ते विचारत नाही. आधी आत बोलावतं, खाली बसवतं आणि पाणी देतं. ते पिऊन झाल्यावरच वस्तूचं बोलणं निघतं.